ड तुकडीचा पहिला तास

"माझ्या युनिटमध्ये सदोष माल गेटच्या बाहेर जात नाही," सबनीस म्हणाले. "आधीच बाजूला काढतो."

मुख्याध्यापिका रत्नप्रभा कोठारे यांनी चहाची कपबशी त्यांच्याकडे सरकवली. "आणि बाजूला काढलेल्या मालाचं काय करता?"

"काय करणार? वितळवतो, पुन्हा साच्यात घालतो."

"मग आम्हालाही तेच करू द्या की."

सबनीस मनापासून हसले. नंदकुमार सबनीस हे शाळेच्या संस्थेचे कार्यवाह होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा विजेची बटणं करण्याचा कारखाना होता आणि शाळेवर त्यांचा खरोखरच जीव होता. म्हणूनच मे महिन्यातल्या उकाड्यात, सगळी अंधेरी गावाला गेलेली असताना, ते सफारीच्या बाह्यांना घाम पुसत नव्या वर्षाची आखणी करायला येऊन बसले होते.

पण हसून झाल्यावर त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. गेल्या वर्षी दहावीचा निकाल पार घसरला होता. अ, ब आणि क या तुकड्या ठीक होत्या. घसरगुंडी ड तुकडीची होती, आणि तीही मुख्यतः गणितात. सबनीसांचा उपाय सोपा होता. येत्या जूनमध्ये दहावी ड मध्ये येणाऱ्या मुलांपैकी जी नववीत कशीबशी ढकलली गेली होती, त्यांच्याकडून सतरा नंबरचे फॉर्म भरून घ्यायचे. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. मूल नापास झालं तरी शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही.

"आणि ती मुलं शिकणार कुठे?" मृणालिनी गुप्ते यांनी विचारलं. त्या विज्ञान शिकवत. एप्रिलमध्येच त्यांची पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली होती, आणि खोलीत शिरल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"क्लासला जातील."

"मरोळच्या चाळीतली मुलं? त्यांच्या वडिलांची गिरणी संपात गेली, साहेब. ती घरी बसतील. मुलींचं तर लग्नच ठरेल."

सबनीसांनी चहा न पिताच कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बाई, फॉर्म ऑगस्टअखेरपर्यंत भरता येतात. त्याआधी पहिली घटक चाचणी होते. त्या चाचणीत ड तुकडी गणितात उभी राहिली तर मी एकही फॉर्म मागणार नाही. नाही राहिली, तर तुम्ही मला अडवायचं नाही. कबूल?"

मृणालिनीबाईंनी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. रत्नप्रभाबाईंनी भिवया उंचावल्या, म्हणजे तुझं तू बघ.

"कबूल," मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उपाय काय करायचा याची त्यांना काडीइतकीही कल्पना नाही.

पर्यवेक्षकाचं मे महिन्यातलं मोठं काम म्हणजे वेळापत्रक. इतकी वर्षं ते दिघेसर करत. ते निवृत्त झाले आणि जाताना जुनं वेळापत्रक मृणालिनीबाईंच्या हातात देऊन म्हणाले होते, "यात फार हात घालू नका. प्रत्येक माणूस सांभाळून बसवलाय."

मृणालिनीबाईंनी प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर खडूनं चौकटी आखल्या. उभे रकाने दिवसाच्या तासांचे, आडव्या ओळी तुकड्यांच्या, प्रत्येक तुकडीला वारागणिक एक. खुणांसाठी त्यांनी आधी खडूचे तुकडे ठेवले, पण पंखा लावताच सोमवार गडगडत जाऊन बुधवारात पोचला. तेव्हा रत्नप्रभाबाईंनी खेळाच्या कपाटातून कॅरमच्या सगळ्या संचांतल्या सोंगट्या काढून आणल्या. काळ्या म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजी. पांढऱ्या म्हणजे भाषा आणि इतिहास-भूगोल. राणी म्हणजे खेळाचा तास.

"स्ट्रायकर कशाला आणलात?"

"असू दे गं. मध्येच कंटाळा आला तर." रत्नप्रभाबाई गिरगावात असताना कॅरमच्या स्पर्धा जिंकत, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या स्वतःच सांगत.

नवीन काही मांडण्याआधी जुनं आहे तसं मांडून बघावं, असं मृणालिनीबाईंनी ठरवलं. ही त्यांची कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सवय होती. बिघडलेलं उपकरण उघडण्याआधी ते बिघडलेल्या अवस्थेत नीट बघायचं. त्या एकेक तास वाचत गेल्या आणि सोंगट्या ठेवत गेल्या. रत्नप्रभाबाई शेजारी स्टुलावर बसून आंबा चिरत होत्या.

नववीच्या, म्हणजे येत्या दहावीच्या, चारही तुकड्या मांडून झाल्या आणि मृणालिनीबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"मोठ्या बाई, इकडे बघा."

अ तुकडीच्या ओळींत काळ्या सोंगट्या सगळ्या डावीकडे होत्या, दिवसाच्या सुरुवातीला. ब मध्ये थोड्या पुढे. क मध्ये मधल्या सुट्टीच्या आसपास. आणि ड च्या ओळींत त्या सगळ्या उजव्या टोकाला जाऊन साठल्या होत्या. शेवटच्या रकान्यात, संध्याकाळी शाळा सुटण्याआधीच्या तासाला, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत एकाखाली एक काळी सोंगटी. गणित, गणित, गणित.

रत्नप्रभाबाईंचा हात आंब्याच्या फोडीवर थांबला. "अगं, पण हे असं ठरवलं कुणी?"

"कुणीच नाही. दिघेसर वरून भरत आले. आधी अ, मग ब, मग क. उरलं ते ड ला."

"आणि गणित शेवटच्या तासालाच का?"

तेही उलगडलं. शाळेचं माध्यमिक सत्र दुपारचं होतं, सुटायला सहा वाजत. ज्या शिक्षिकांची मुलं लहान, त्यांना दिघेसर शेवटचा तास देत नसत. देसाईबाईंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना नाही. क्रीडाशिक्षक कांदिवलीच्या व्यायामशाळेत शिकवायला जात, त्यांना नाही. शेवटच्या तासाला हमखास मोकळे असत ते गणिताचे पारुळेकरसर, कारण त्यांची मुलं मोठी झाली होती आणि त्यांना कसली घाई नसे. दिघेसरांनी खरोखरच प्रत्येक माणूस सांभाळला होता. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. त्यामुळेच इतक्या वर्षांत कुणाला काही खटकलं नव्हतं.

"तरी एक कळत नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पारुळेकरसर शेवटच्या तासालाही चांगलंच शिकवत असणार. मग मुलं एवढी कशी नापास होतात? एखादी गोष्ट राहतेय."

ती गोष्ट शोधायला त्या दुसऱ्या दिवशी मरोळला गेल्या. नववी ड मधली प्रेमा गावडे विज्ञानात बरी होती, प्रश्न विचारणारी होती, पण गणितात तिला भोपळ्याच्या आसपास गुण होते. त्यांना हेच कोडं वाटत होतं. चाळीच्या तोंडाशीच प्रेमा भेटली. नळापाशी रांग होती आणि प्रेमा आपला हंडा पुढे सरकवत, तिच्यामागे उभ्या असलेल्या बाईशी तावातावानं भांडत होती. बाईंना बघून तिनं भांडण अर्ध्यावर सोडलं.

"चालू दे तुझं," मृणालिनीबाई म्हणाल्या. "मी थांबते."

पाणी भरून झाल्यावर त्या तिच्या घरात टेकल्या. वडील रखवालदारीच्या पाळीला गेले होते. आई कामावर निघतच होती, ती दारातच थांबली. ती मालवणकडची, नऊ घरची धुणीभांडी करणारी, आणि शाळेच्या बाई घरी आल्या म्हणजे काहीतरी तक्रार असणार या खात्रीनं आधीच चिडलेली.

"काय केल्यान हिणा?"

"काही नाही हो. गणिताचं विचारायला आले. शेवटच्या तासाला हिला काही कळत नाही का, एवढंच."

"शेवटच्या तासाक ही शाळेत खंय आसता? पाणी साडेपाच वाजता येता. मी कामार जातंय. पाणी कोण भरतला?"

मृणालिनीबाई प्रेमाकडे वळल्या. प्रेमा खाली बघून हंड्याच्या काठाशी चाळा करत होती.

"रोज?"

"रोजच बाई. आम्ही चाळीतल्या सगळ्याच मुली येतो. पळून नाही येत हां. पारुळेकरसरांना विचारून येतो. सर म्हणतात, जा गं पोरींनो, घरात पाणी नसलं तर गणित काय प्यायचंय."

"आणि मुलगे?"

"मुली गेल्यावर मुलगे म्हणतात, सर, आम्ही पण. मग सर त्यांना पण सोडतात. राहतात चारपाच. त्यांना सर गोष्टी सांगतात. झकास सांगतात म्हणे."

हजेरी शाळेत सुरुवातीलाच घेतली जाई. त्यामुळे सगळ्या कागदांवर ड तुकडी रोज हजर होती, आणि गणिताला रोज गैरहजर. मृणालिनीबाईंना हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. प्रेमाच्या आईनं त्यांचा चेहरा बघितला, तिची चीड थोडी उतरली, आणि कामाला उशीर होत असतानाही तिनं त्यांना चहा करून दिला.

आता प्रश्न पारुळेकरसरांचा होता.

श्यामसुंदर पारुळेकर वर्सोव्याला राहत, कोळीवाड्याच्या अलीकडे. अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवर नजर ठेवत ते खुर्चीत बसले होते. त्यांची पत्नी शांताबाई हिनं मृणालिनीबाईंसाठी कोकम सरबत आणलं आणि "सरांना काय ते खडसावून सांगा, घरात माझं ऐकत नाहीत," असं म्हणून तीही खांबाला टेकून ऐकायला बसली.

मृणालिनीबाईंनी सोंगट्यांपासून नळापर्यंत सगळं सांगितलं. सतरा नंबरच्या फॉर्मचंही सांगितलं. सर ऐकताना एकदा कावळ्याला हाकलायला उठले, परत येऊन बसले.

"म्हणजे मी दया दाखवून बुडवली पोरं," ते म्हणाले.

"एकट्या तुम्ही नाही, सर. सगळ्यांनी थोडी थोडी दाखवली. ती सगळी ड तुकडीवर जाऊन साठली."

"मग काय करायचं म्हणता?"

"ड ला तुमचा पहिला तास."

पारुळेकरसर ताठ झाले. "पहिला तास अ चा! गेली कित्येक वर्षं. ताजी डोकी, ताजा फळा. बाई, यंदा अ मध्ये तो राऊत आहे. मुलगा बोर्डात येईल, लिहून देतो. माझी दोन वर्षं राहिलीत. माझा एक तरी विद्यार्थी बोर्डात आला म्हणून मला पेढे वाटायचेत."

"अ ला शेवटचा तास घ्या. ती मुलं सातपर्यंतसुद्धा थांबतील. त्यांच्या घरी नळ आहेत."

"शेवटच्या तासाला माझंच डोकं चालत नाही हो!"

हे ऐकून शांताबाई हसायला लागली. "बघा! आणि त्या पोरांचं चालेल म्हणून एवढी वर्षं शिकवताय."

सरांनी तिच्याकडे रागानं बघितलं. मग बोंबलांकडे बघितलं. मग स्वतःच हसले, अगदी पोट हलेपर्यंत. "घरात असा वकील असताना माझी केस टिकायची कशी? बरं. पण एक अट. राऊतला मी शाळेआधी वेगळं शिकवणार, आणि त्यासाठी मला खोली हवी."

"प्रयोगशाळा उघडून देते."

"आणि ड च्या पोरांना सांगा, हा माणूस आता गोष्टी सांगणार नाही."

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात शिक्षकांची सभा झाली. मृणालिनीबाईंना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि टेबलावर जुनं वेळापत्रक दाखवलं. उजव्या टोकाची काळी रांग बघायला सगळे टेबलावर वाकले. मग एकदम सगळेच बोलले.

"यंदा ड पासून भरायला सुरुवात करायची," मृणालिनीबाई म्हणाल्या. "अ ला उरलेलं. आणि शेवटचा तास प्रत्येकानं आठवड्यातून एकदा घ्यायचा. मी दोनदा घेईन."

"बाई, माझा पिंट्या पार्ल्याच्या पाळणाघरात असतो!" हे वसुधा राजे, इतिहास शिकवणाऱ्या. "साडेपाचला ती बाई त्याला सरळ पायरीवर आणून बसवते."

"मग तुझी गुरुवारी पाळी. गुरुवारी माझी बहीण पार्ल्याला असते, ती आणेल त्याला," देसाईबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्या आईंकडे कोण?"

"बुधवारी भाऊ असतो. मला बुधवार द्या."

"कांदिवलीचं काय करू मी?" क्रीडाशिक्षक म्हणाले. "शुक्रवारी तिथे सुट्टी असते. पण शुक्रवार शेवटचा तास म्हणजे वाट लागली ना माझी, पोरं मैदानातून निघतच नाहीत."

"तोच तर फायदा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात स्ट्रायकर होता, आणि बोलता बोलता त्यांनी तो असा सोडला की क तुकडीचा मंगळवार थेट टेबलाखाली गेला. सगळे एकमेकांवर पडून हसले, आणि सोंगट्या गोळा करता करता उरलेली घासाघीसही संपली. दर जूनला होणारी रुसवेफुगव्यांची सभा त्या दिवशी वडापाव मागवून सुटली.

एकच तक्रार राहिली होती, ती जूनमध्ये शाळा उघडल्यावर आली. प्रेमा गावडे पहिल्याच दिवशी मृणालिनीबाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही आम्हाला शेवटी खेळाचा तास टाकलात?"

"हो. तुम्हाला पाण्याला जाता यावं म्हणून. मोठ्या बाईंची परवानगी आहे, सरळ जायचं."

"पण मग माझा खो-खो बुडला ना! गणित टाकायचं होतं तिथं. ते बुडलं तर काय बिघडतं?"

मृणालिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं. इतक्या प्रामाणिकपणे कुणी वेळापत्रकावर टीका केली नव्हती. त्या उठल्या, सोंगट्या काढल्या, आणि राणी मधल्या सुट्टीनंतर आणून चित्रकलेला शेवटी नेलं. चित्र घरीही काढता येतं.

खरी अडचण वेगळीच निघाली. पहिल्या आठवड्यात ड तुकडी गणिताच्या भीतीनं उशिरा येऊ लागली. पहिला तास संपायच्या सुमाराला मुलं दोन-दोन, तीन-तीन करून दाराशी यायची, चेहऱ्यावर भारी साळसूद भाव घेऊन. बाळा घरत नावाचा मुलगा तर म्हणाला, "सर, घड्याळच नाही आमच्याकडे," आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ सगळ्या वर्गाला दिसत होतं.

पारुळेकरसरांनी वर्गात वाट बघणं सोडलं. दुसऱ्या सोमवारी ते शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी जाऊन उभे राहिले. ड ची मुलं तिथे दबा धरून बसलेली असत. सर एक शब्द न बोलता बाकावर बसले, रस मागवला, आणि पेला वर धरून म्हणाले, "बाळ्या, या पेल्यात पाव भाग बर्फ आहे. रसवाल्यानं तुला किती टक्के फसवलं?"

"पंचवीस," बाळा सवयीनं म्हणाला आणि जीभ चावली.

"चला. वर्गात यापेक्षा सोपं आहे."

सगळी वरात त्यांच्यामागून रस्ता ओलांडून आली. रत्नप्रभाबाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी खाली बघून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कुणी फारसं उशिरा आलं नाही. सरांनी सातवीपासून धरलं. अपूर्णांक, शेकडेवारी, समीकरणं, एकेक पायरी. त्यांना मुळात शिकवायला आवडायचं, आणि ज्यांना काहीच येत नाही अशांना एखादी गोष्ट पहिल्यांदा समजताना बघण्याची गंमत ते अ तुकडीत विसरून गेले होते. जुलैत एकदा ते मृणालिनीबाईंना जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बाई, ती गावडे. 'का?' असं विचारते हो. राऊत कधी विचारत नाही, त्याला येतंच."

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. सबनीसांच्या सांगण्यावरून गणिताची प्रश्नपत्रिका बाहेरच्या शिक्षकांकडून काढून घेतली होती, चारी तुकड्यांना एकच. निकाल लागला तेव्हा ड मधली मोजकी मुलं सोडली तर सगळी पास होती. गुण काही डोळे दिपवणारे नव्हते, प्रेमाला काठावरच होते. पण पास होती. मृणालिनीबाईंनी निकाल सबनीसांकडे पाठवला आणि त्यांच्या फोनची वाट बघत राहिल्या.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सबनीस स्वतःच आले, शाळा भरताना.

"बाई, माझ्याकडे दोन महिन्यांत सदोष माल एवढा कमी झाला तर मी आनंदून जात नाही. आधी मोजपट्टी तपासतो."

"पेपर फुटला असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. मला वर्गात बसू द्या."

मृणालिनीबाईंनी वर्गाच्या दिशेनं पाहिलं. पेपरावर लिहिणं वेगळं आणि कार्यवाहांसमोर बोलणं वेगळं. पण नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्या त्यांना दहावी ड च्या वर्गात घेऊन गेल्या आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. पारुळेकरसरांनी हातातला खडू खाली ठेवला. सबनीस फळ्यापाशी गेले.

"मुलांनो, घाबरू नका. एक साधा प्रश्न. रोजच्या व्यवहारातला. दुकानदारानं एका वस्तूची किंमत शेकडा वीस वाढवली. गिऱ्हाईक येईना. म्हणून त्यानं त्या वाढलेल्या किमतीवर शेकडा वीस सूट दिली. नफा की तोटा?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग प्रेमाचा हात वर गेला. "तोटा."

"चूक," सबनीस म्हणाले. "वीस वाढवले, वीस कमी केले. बरोबरीत सुटला."

मृणालिनीबाईंनी दाराची चौकट धरली. पारुळेकरसरांनी तोंड उघडलं, आणि मग विचार करून मिटलं. प्रेमा अर्धी खाली बसली होती. तिच्यासमोर संस्थेचे कार्यवाह होते, सफारीतले, कारखानदार. त्यांच्या नाही, पण त्यांच्या शेजारच्याच कारखान्याच्या दारावर तिचे वडील रखवालदार म्हणून उभे राहत होते. तिनं सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

ती पुन्हा सरळ उभी राहिली. "साहेब, मांडून बघू का?"

"काय?"

"फळ्यावर. मांडून बघू का? सर म्हणतात, भांडण झालं तर मांडून बघायचं."

मागून बाळा घरत हळूच म्हणाला, "शंभर धर गं, शंभर."

"गप रे, माहितेय मला."

तिनं खडू घेतला. शंभर लिहिले. त्यात वीस मिळवले, एकशेवीस. मग एकशेवीसचे शेकडा वीस काढायला ती थांबली, आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर थांबला. ओठ हलत होते, बोटं हलत होती. चोवीस. तिनं वजाबाकी केली, शहाण्णव लिहिले, आणि खाली दोन रेघा ओढल्या. खडू तुटला.

"सूट मोठ्या आकड्यावर मिळाली ना, साहेब," ती जवळजवळ समजूत घालत म्हणाली. "म्हणून जास्त गेले."

सबनीस फळ्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

"अहो," ते शेवटी म्हणाले, आणि ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, "दर दिवाळीला मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच करतो!"

वर्गात आधी एकच मुलगा हसला. मग सबनीसच हसले, आणि मग कुणालाच थांबता येईना. पारुळेकरसर खुर्चीत बसून रुमालानं डोळे पुसत होते. बाळानं बाक बडवला. शेजारच्या क तुकडीतून वसुधाबाई काय झालं म्हणून डोकावून गेल्या.

"बैस, बाळ," सबनीस प्रेमाला म्हणाले. "नाव काय तुझं?"

"प्रेमा सखाराम गावडे."

"प्रेमा, मार्चमध्ये परीक्षा दे. शाळेतूनच दे." मग ते मागच्या बाकांकडे वळले, जिथे चाचणीत नापास झालेली मुलं खाली माना घालून बसली होती. "तुम्हीपण. सगळे."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "फॉर्म नाही भरायचा?" मुलांना सगळं माहीत होतं तर. मृणालिनीबाईंनी मुलांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी दोन महिने ती मुलं हे ओझं घेऊन पहिल्या तासाला येऊन बसत होती.

"नाही भरायचा," सबनीस म्हणाले.

मृणालिनीबाई जिना उतरून खाली आल्या. रत्नप्रभाबाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, आवाज ऐकून घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या. "काय गं, एवढा कसला गोंधळ? काय ठरलं?"

"तोटा झाला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "शेकडा चार."

"काय?"

पण मृणालिनीबाईंना पुढे बोलता येईना. इतकी वर्षं शाळेत कुणी त्यांना खदखदून हसताना बघितलं नव्हतं. त्या भिंतीला टेकून हसत होत्या आणि हातानंच वर खूण करत होत्या. वरच्या मजल्यावर सबनीसांचा आवाज चढला होता. "थांबा, थांबा सर, तास संपवू नका. समजा मी सूट आधी दिली आणि किंमत नंतर वाढवली, तर?" आणि त्यावर सगळी ड तुकडी एका सुरात ओरडली, "मांडून बघा!"